घर सोडावे, हक्क सोडू नये
(पावसाळ्याच्या तोंडावर, एका तालुक्याच्या गावी, भाड्याने राहणाऱ्या शेतकरी व कारागीर मंडळींच्या बैठकीत केलेले भाषण)



आज सुताराने रंधा खाली ठेवला, शिंप्याने मशीन झाकून ठेवले, मावशींनी चूल लवकर उरकली, आणि आपण सर्वजण येथे जमला आहात. आपला एक दिवसाचा रोज आम्हांस ठाऊक आहे. सबब गोड शब्दांचे बुडबुडे सोडून आपला वेळ घेण्याचे पातक आम्ही करणार नाही. ज्या गोष्टी उद्या सकाळी आपल्या उपयोगी पडतील, तेवढ्याच सांगू.

विषय आपल्या डोक्यावरच्या छपराचा आहे. गावातली कोरडवाहू पाच माणसांस पुरत नाही म्हणून आपण तालुक्याला आलो, पोरांच्या शाळेसाठी आलो, धंद्यासाठी आलो. घर बांधण्याची ऐपत नाही म्हणून दोन खण भाड्याने घेतले. भिंत पांढरीच्या मातीची, आढे किडलेले, तुळईला टेकू दिलेला. पाऊस लागला म्हणजे घरधन्याची झोप उडते. ओल भिंतीत वर चढते, एके रात्री कोपरा खचतो, आणि सकाळी मालक दारात येऊन उभा राहतो. तो म्हणतो, "घर पडले, आता तुमचे येथे काय राहिले? किल्ली टाका आणि वाटेला लागा." आणि आमचा भोळा बंधू काय करतो? एक तर मुकाट्याने किल्ली देऊन बिऱ्हाड उचलतो, नाही तर "मेलो तरी हलणार नाही" म्हणून त्याच खचलेल्या भिंतीखाली लेकरे घेऊन निजतो.

लोक हो, या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि दोहोंचे मूळ एकच आहे. भिंत पडली की हक्क पडला, अशी आपली समजूत करून दिलेली आहे. या समजुतीने माणसे नुसती बेघर होत नाहीत, तर जिवास मुकतात. मुंबईत भेंडी बाजारात ३१ ऑगस्ट २०१७ रोजी हुसैनी नावाची जुनी इमारत सकाळच्या प्रहरी कोसळली, आणि तीसहून अधिक माणसे गेली. ती इमारत धोक्याची म्हणून आधीच जाहीर झालेली होती. काही कुटुंबे हलविली गेली होती, काही आत राहिली होती. पुढे १६ जुलै २०१९ रोजी डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग कोसळून पुन्हा दहाहून अधिक जीव गेले. अशा घरांत माणसे हौसेने राहत नाहीत. पुढे काय मिळेल याची खात्री नसते, गेलो तर परत पाऊल ठेवता येईल की नाही हे कोणी सांगत नाही, म्हणून पाय निघत नाही. तेव्हा ही भीती कितपत खरी आहे, हे पाहणे म्हणजे जिवाचाच प्रश्न पाहणे आहे.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ सालचा आहे. त्याच्या कलम १०८ मध्ये मालक व भाडेकरू यांची कर्तव्ये एकामागून एक लिहिलेली आहेत. त्यात असे आहे की, आग, वादळ, पूर, सैन्याचा किंवा दंगलखोरांचा उपद्रव अथवा ज्यापुढे माणसाचे काही चालत नाही अशा जबरदस्त शक्तीमुळे घराचा महत्त्वाचा भाग अगदी नष्ट झाला, किंवा ज्या कामासाठी घर घेतले त्या कामास ते कायमचे निरुपयोगी झाले, तर भाडेपट्टा रद्द होऊ शकतो. पण तो कोणाच्या मर्जीने? मालकाच्या नव्हे, भाडेकरूच्या मर्जीने! हा शब्द नीट ध्यानात धरा. घर पडले म्हणून करार मोडावयाचा की ठेवावयाचा, हे ठरविण्याची मुखत्यारी कायद्याने भाडेकरूच्या हाती दिली आहे. मात्र ज्याच्या स्वतःच्या कसुरीने घराची नासाडी झाली, त्याला हा फायदा नाही. चुलीच्या निखाऱ्याने निष्काळजीपणे आग लावणाऱ्याने "घर जळाले, मी मोकळा" असे म्हणू नये.

यावर मालकाचा वकील म्हणेल की, घरच उरले नाही तर भाडे कशाचे आणि हक्क कशाचा? हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. आधी केरळातील एका दुकानाच्या खटल्यात असा निकाल झाला होता की, दुकान आगीत पुरते जळाले, सबब भाडेकरूचा हक्कही संपला. त्या भाडेकरूने मालकाच्या संमतीशिवाय त्याच जागी नवे दुकान उभारले होते. ते त्याच्या हाती राहिले नाही. पुढे २०१४ च्या जुलैमध्ये आपल्याच सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या हद्दीतील एक प्रकरण तीन न्यायमूर्तींच्या पीठापुढे आले. तेथे जुनी इमारत महापालिकेने पाडली होती. न्यायालयाने सांगितले की, भाडेपट्टा नुसत्या भिंतींचा व छपराचा नसतो, त्याखालच्या जमिनीचाही असतो. जमीन जागेवर आहे, तोवर इमारत पडल्याने किंवा पाडल्याने भाडेकरूचा हक्क आपोआप नष्ट होत नाही. केरळच्या खटल्यातील आधीचे मत या निकालाने बाजूस सारले गेले. तेव्हा मालक दारात येऊन "तुमचे काय राहिले" म्हणेल, त्यास आपण शांतपणे सांगावे, "मालक, घर पडले हे खरे, पण आमचा भाडेपट्टा उभा आहे."

पण बंधूंनो, हक्क ठेवावयाचा तर त्याबरोबर कर्तव्यही येते. करार मोडला नाही, तर भाड्याची जबाबदारी चालूच राहते. "घर राहण्याजोगे नाही म्हणून भाडे देणार नाही, आणि हक्क मात्र सोडणार नाही," असे दोन्ही डगरींवर हात ठेवता येत नाहीत. यासाठी आमचे सांगणे असे की, ज्यास ती जागा पुन्हा नको असेल त्याने लेखी कळवून भाडेपट्टा संपवावा, अनामत परत मागावी व मोकळे व्हावे. ज्यास जागा हवी असेल त्याने भाडे देत राहावे. मालक भाडे घेईना तर मनीऑर्डरने पाठवावे आणि ती परत आल्याची पावती जपून ठेवावी. आपल्या राज्याच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात स्पष्ट आहे की, भाडेकरू कायदेशीर भाडे देत आहे किंवा देण्यास तयार आहे आणि भाडेकरारातील इतर अटीही पाळीत आहे, तोवर त्याला घराबाहेर काढता येत नाही. भाडे थकले तरीही आधी लेखी नोटीस देऊन नव्वद दिवस थांबल्यावाचून मालकास त्या कारणाने दावा लावता येत नाही.

हा भाडे नियंत्रणाचा कायदा मोठ्या शहरांस आणि कायद्याच्या परिशिष्टात ज्यांची नावे आहेत त्या गावांस लागू आहे. आपले गाव त्यात आहे की नाही, हे आधी पाहून घ्यावे. नसेल तर १८८२ चा कायदा आहेच. दोन्ही कायद्यांत दुरुस्तीचा विचार केलेला आहे. १९९९ च्या कायद्याचे कलम १४ म्हणते की, भाडेकरूने उलट करार करून दिलेला नसेल, तर घर राहण्याजोगे ठेवण्यास मालक बांधलेला आहे. मालक हयगय करील, तर भाडेकरूने एकट्याने अथवा सर्वांनी मिळून त्यास किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी; तरीही त्याने वाजवी मुदतीत काम केले नाही, तर भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करावी व खर्च भाड्यातून वळता करावा. १८८२ च्या कायद्यात मालकास दुरुस्ती करणे बंधनकारक असेल तेथे अशीच तजवीज आहे.

"उलट करार करून दिलेला नसेल तर" हे शब्द विसरू नका. कागदावर काय लिहिले आहे ते न वाचता अंगठा उठविणारा माणूस आपली मान स्वतःच्या हाताने सुरीखाली देतो. "सर्व दुरुस्ती भाडेकरूने करावयाची" अशी एक ओळ करारात घुसडलेली असली, म्हणजे कलम १४ चा आधार गेला. यास्तव करार घरातल्या शिकलेल्या मुलीकडून किंवा मुलाकडून मोठ्याने वाचवून घ्या, आणि मग सही करा.

यातील उणीवही आम्ही लपवून ठेवीत नाही. भाड्यातून वळती करावयाची रक्कम एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक असता कामा नये, अशी मर्यादा आहे. समजा आपले भाडे दरमहा २०० रुपये आहे. वर्षाचे झाले २,४०० रुपये आणि चौथा हिस्सा ६०० रुपये. सहाशे रुपयांत गवंडी दारात तरी येईल काय? पण एकाच चाळीत असे वीस भाडेकरू एकत्र आले, तर १२,००० रुपये होतात. तेवढ्यात फुटकी कौले बदलता येतील, गटाराचे तोंड मोकळे करता येईल, भिंतीत मुरणारे पाणी अडविता येईल. ज्या गळतीने दहा वर्षांनी तुळई कुजते, ती गळती आज थोडक्यात बंद होते. तुळईच कुजली असेल तर मात्र हे काम भाडेकरूंच्या आवाक्यातले नव्हे. तेथे नगरपालिकेस किंवा महापालिकेस लेखी अर्ज करून इमारतीची तपासणी मागावी.

येथे मालकाचीही बाजू सांगितली पाहिजे, नाही तर आम्ही एका डोळ्याने पाहतो असे होईल. प्रत्येक मालक लबाड नसतो. कित्येक ठिकाणी मालक म्हणजे एखादी विधवा बाई असते आणि तिचे पोट चार खोल्यांच्या भाड्यावर चालते. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने कित्येक घरांचे भाडे १ सप्टेंबर १९४० रोजी जे होते तेथेच गोठवून ठेवले. पन्नास वर्षे चुन्या-विटांचा भाव वाढत गेला आणि भाडे तेथेच राहिले. १९९७ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानेही हे गोठविणे आता वाजवी राहिलेले नाही, असे म्हटले. नव्या कायद्याने वर्षास चार टक्के वाढ करण्याची मुभा मालकास दिली. तेव्हा जो मालक खरोखर दुरुस्ती करू इच्छितो, त्याच्याशी बसून बोलावे आणि जे ठरेल ते कागदावर उतरवावे. भांडणापेक्षा समेटाने छप्पर लवकर उभे राहते. परंतु जो मालक मुद्दाम कौले फुटू देतो, पाणी तोडतो, जिन्यातला दिवा काढतो, आणि इमारत कधी पडते व जमीन कधी मोकळी होते याची वाट पाहतो, त्याची गोष्ट निराळी. पाणी, वीज, जिन्यातला उजेड, संडासाची साफसफाई या सोयी पुरेशा कारणावाचून तोडणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे.

आता घर खरोखर धोक्याचे झाले असता काय करावे? पहिली गोष्ट, जीव वाचवावा. पालिकेने इमारत धोकादायक ठरवून रिकामी करण्यास सांगितले असता अडून बसू नये. मुंबई महापालिका सर्वांत धोक्याच्या इमारतींस सी-१ असा वर्ग देते. त्या ताबडतोब रिकाम्या करून पाडावयाच्या असतात. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यांत असे आहे की, इमारत पाडण्यापूर्वी कोणाकडे किती जागा होती याची मोजणी करून नोंद ठेवावी, आणि पालिकेने घर रिकामे केल्याने वा पाडल्याने राहणाऱ्यांच्या हक्कांस बाध येणार नाही. तेव्हा बाहेर पडताना त्या नोंदीत आपले नाव व आपल्या खोलीचे माप बरोबर लिहिले आहे ना, ते पाहा. नक्कल मागून घ्या. हेच खरे भांडण आहे, ते लाज न बाळगता भांडा.

आपल्यापैकी पुष्कळांचे भाऊबंद लालबाग, परळ, गिरगाव येथील जुन्या चाळींत राहतात. त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. मुंबई शहर भागातील जुन्या इमारतींवर उपकर बसवून त्यांची दुरुस्ती व पुनर्रचना करण्याचा कायदा १९६९ साली झाला, आणि हे काम पुढे म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे आले. उपकर भरलेल्या इमारतीतील रहिवाशांना संक्रमण शिबिरात पाठविण्याची तेथे सोय आहे. त्या शिबिरांत लोकांची वर्षेच्या वर्षे गेली आहेत हे आम्ही जाणतो. म्हणूनच म्हणतो की, शिबिरात जाताना कागदाची पिशवी अंथरुणाच्याही आधी उचला.

मालकास दुरुस्तीसाठी किंवा पाडून नवे बांधण्यासाठी घर रिकामे हवे असेल, तर त्याने न्यायालयात जावे. मुंबई-पुण्यात लघुवाद न्यायालय आहे, इतरत्र बहुधा दिवाणी न्यायालय. पाडून नवे बांधावयाचे तर जुन्या भाडेकरूंना नव्या इमारतीत जागा देण्याची हमी त्याला द्यावी लागते, आणि भाडेकरूनेही आपल्याला परत यावयाचे आहे हे वेळ न दवडता लेखी कळवावे लागते. तोंडी शब्दावर विसंबू नये. उलटपक्षी, पडलेल्या जागी मालकाच्या लेखी संमतीवाचून आपणच पक्की भिंत घालणे, ही चूक करू नये. संमतीशिवाय पक्के बांधकाम हे भाडेकरूला काढण्याचे कायद्यातलेच एक कारण आहे.

एका गोष्टीची ताकीद तरुण मंडळींस दिली पाहिजे. आजकाल अकरा महिन्यांच्या करारावर घरे मिळतात. त्यास लोक लीव्ह अँड लायसन्स म्हणतात. हा भाडेपट्टा नव्हे, ही नुसती राहण्याची परवानगी होय. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे जागा नष्ट झाली किंवा जबरदस्त शक्तीने तिच्यात कायमचा असा पालट झाला की तेथे राहताच येऊ नये, तर ही परवानगी संपते. आतापर्यंत सांगितलेला हक्क या मंडळींस नाही. सामान काढून नेण्यास वाजवी मुदत मात्र त्यांना मिळते. यास्तव करार करतानाच लिहून घ्यावे की, घर राहण्यास अयोग्य झाल्यास त्या दिवसापासून रक्कम देणे बंद होईल आणि अनामत इतक्या दिवसांत परत मिळेल. करार लेखी करून त्याची नोंदणी करणे ही मालकाची जबाबदारी कायद्याने ठरविलेली आहे. ती त्याच्याकडून करवून घ्यावी.

पुराची गोष्ट आपल्या भागास सांगावयास नकोच. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला ही धरणे फुटली आणि पुण्यातील नदीकाठच्या पेठांतले वाडे वाहून गेले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात, २०२१ च्या जुलैमध्ये चिपळुणात पाणी घरांत शिरले. अशा वेळी महसूल खात्याचा माणूस पंचनाम्यास येतो आणि मालक पुढे होतो. भाडेकरू मागे उभा राहतो, जणू त्याची भांडी, त्याचे शिलाई मशीन, त्याची हत्यारे बुडालीच नाहीत! पुढे व्हा. येथे आपण भाड्याने राहत होतो आणि आपले अमुक सामान गेले, हे त्या पंचनाम्यात लिहवून घ्या.

वकिलास देण्यास पैसा कोठून आणावा, असे कोणी विचारील. १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, औद्योगिक कामगार, आणि पूर, भूकंप, दुष्काळ यांनी गांजलेले लोक यांना मिळकतीची मर्यादा न पाहता तेथे फुकट वकील मिळतो. इतरांना मिळकत कमी असल्यास मिळतो. हा कोणाचा उपकार नव्हे, हा आपला हक्क आहे. दार उघडे असून आपणच आत जात नाही, हे आपल्या अज्ञानाचे फळ आहे.

आता घरी गेल्यावर काय करावयाचे ते सांगून आम्ही आटोपते घेतो. भाड्याच्या पावत्या, करार, विजेचे बिल, शिधापत्रिका हे सर्व मेणकापडात गुंडाळून एका पिशवीत ठेवा. मालक पावती देत नसेल तर लेखी मागा. पावती देणे त्याला कायद्याने भाग आहे. भिंतीला तडा दिसला की त्याचे छायाचित्र काढा. आता घरोघरी मोबाईल आहे, तो तमाशे पाहण्यापुरताच ठेवू नका. या आठवड्यात आपल्या आळीतील, आपल्या चाळीतील सर्व बिऱ्हाडांनी बसून एक नोटीस लिहा आणि ती टपालाने मालकास पाठवा. सुतार, कुंभार, शिंपी, विणकर, सर्वांच्या सह्या एका कागदावर येऊ द्या. एकाची सही मालक खिशात घालील. वीस सह्या त्याला वाचाव्या लागतील.

आणि ज्या रात्री भिंत बोलू लागेल, माती गळू लागेल, त्या रात्री विचार करीत बसू नका. पोरे उचला, म्हाताऱ्यांना हात द्या, ती पिशवी घ्या आणि बाहेर पडा. समाजमंदिरात, शाळेत, शेजाऱ्याच्या पडवीत रात्र काढा. शेजाऱ्यांनीही दार उघडावे, जातपात विचारू नये. बाहेर पडल्याने तुमचा हक्क जात नाही, हे आज तुम्ही ऐकले आहे. ज्यांनी ऐकले नाही त्यांना जाऊन सांगा.